कण न घातलेली नळी

नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेतल्या थोरल्या संशोधक बाईंना सगळे आपा, म्हणजे ताई, म्हणतात. अर्धापूरहून एसटीनं येतात आणि ॲप्रन घालायच्या आधी कालच्या बाटलीला चुंबक लावून बघतात. बाटलीत लोखंडाचे कण असतात, डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक. शरीरातल्या एन्झाइमचं काम या कणांकडून करून घ्यायचं आणि शुगरवाल्यांच्या चिघळलेल्या जखमा भरायच्या, हा आपांचा ध्यास. "खरं एन्झाइम लाईट गेली की फ्रिजात नासतं. लोखंड न्हाई नासत," हे त्या भेटेल त्याला ऐकवतात.

कण कामाला लागले की नळीतलं बिनरंगी द्रावण निळं होतं. मागच्या महिन्यात ते गडद निळं झालं. प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी फोटो काढले, कुणीतरी पेढे आणायला धावलं. आपा मात्र शेजारची, कण न घातलेली नळी उजेडात धरून उभ्या होत्या. ती बिनरंगीच राहायला हवी होती. तीही निळसर दिसत होती.

"सर, काल लाईट नव्हती, डिस्टिल्ड वॉटर निघालं न्हाई, म्हणून आपण नळ्या बोअरच्या पाण्यानं धुतल्या. हे त्या पाण्यातलं लोखंड हाय. मंग निळं कणांनी केलं का पाण्यानं, कसं कळणार?"

"थोडंसं चालतं हो," सर म्हणाले.

"जखमेला न्हाई चालत."

आपांनी सगळ्या नळ्या बेसिनमध्ये ओतून दिल्या. मला त्यांचा रागच आला. पेढ्यांचा पुडा तसाच पडून राहिला.

परवा डिस्टिल्ड वॉटरनं धुतलेल्या नळीत द्रावण पुन्हा निळं झालं. आपांनी निळ्या नळीकडं बघितलंही नाही. शेजारची उचलली, उजेडात फिरवली. नितळ होती.

"हाव," त्या मान डोलावत म्हणाल्या, "आता आणा पेढे."