टिटवीची अंडी बांधावर

पावसाला फसवायचा उद्योग मी आयुष्यात एकदाच केला, तोही टिटवीची अंडी पदरात घालून. वय सतरा, अक्कल त्याहून बरीच कमी.

लातूर तेव्हा नवं नवं जिल्हा झालं होतं. चाकूरकडच्या आमच्या गावात लोक म्हणायचे, आता कलेक्टर जवळ आला. कलेक्टर आला, पाऊस काही आला नाही. आधीचं वर्ष कोरडं गेलेलं, त्यात मृगही सरत आला होता. घरात मुगाचं एकच पोतं उरलेलं. पेरायचं की शिजवून खायचं, यावर सासरे रोज खल करत बसत. पेरलं आणि पावसानं दगा दिला, तर घराला कुलूप लावून पोटामागं जाणं आलं.

सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. मामांचा सगळा भरवसा टिटवीवर. तिनं उंचावर अंडी घातली तर पाऊस दांडगा, ओढ्यात घातली तर पाऊस लांब. "टिटवी दिसली का गं कुठं?" रोज विचारायचे.

दिसली. धसकटं वेचताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात, खड्यांमध्ये चार अंडी, मातकट, काळ्या ठिपक्यांची. टिटवी माझ्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. मीही तिच्यावर ओरडले, "भवाने, एवढं रान मोकळं पडलंय, अन् तुला ओढाच गावला?" मग या शहाणीनं चारही अंडी पदरात घेतली आणि बांधाच्या उंच टेकाडावर नेऊन मांडली. पावसाला कोण सांगायला जातंय?

दुसऱ्या दिवशी मामांनी ती पाहिली. किती दिवसांनी त्यांनी पटका नीट बांधला. "पेरायचं," म्हणाले. खरं सांगायला मी तोंड उघडायची आणि त्यांचं हसू बघून मिटायची. तिफण धुळीतून चालली. तिफणीवरच्या चाड्यात मूठमूठ मूग मीच सोडत होते.

टिटवी बांधावर आलीच नाही. ओढ्यातल्या रिकाम्या खळग्यात, भर उन्हात बसून राहायची. बांधावरचं एक अंडं मुंगसानं नेलं, बाकीच्यांना मुंग्या लागल्या. शिवारात होल्यांचे थवे उतरले आणि मूग टिपून गेले. मध्येच एक शिंतोडा आला. तेवढ्यावर उरलेले कोंब वर आले आणि आठवड्यात वाळले. मामा पेरणीच्या ओळीओळीनं वाकून कोंब उपटायचे, मुळाशी ओल आहे का बघायचे, पुढचा उपटायचे.

मला ते बघवेना. तिथंच त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं बोलून टाकलं. आता माहेरी धाडतात, एवढंच डोक्यात. त्यांनी हातातल्या वाळक्या कोंबाची माती झटकली. मग म्हणाले,

"पोरी, टिटवी अंड्यांची टोकं आत करून ठेवती. बांधावरची टोकं भाईर व्हती, मला तवाच दिसलं. पण मला पेरायचंच व्हतं."