धुलाईघराची खिडकी

इस्त्रीकाकूंना विचारलं तर त्या विद्यापीठाचा इतिहास अगदी सोपा होता. एक फादर कुलगुरू म्हणून यायचे, एखादी इमारत उभी करायचे, काकूंना खिडकीचं वचन द्यायचे आणि बदलून जायचे. मग दुसरे यायचे. वरून हुकूम आला की का-कू न करता बॅग भरायची, हे त्या लोकांचं व्रतच होतं. व्रताबद्दल काकूंना आदर होता हो, पण त्या व्रताचा त्रास दरवेळी आपल्याच छातीला का, हे कोडं काही त्यांना सुटत नव्हतं.

धुलाईघर तळघरात होतं. फादरांचे झगे, वेदीवरची वस्त्रं, पदवीदानाचे काळे अंगरखे, वसतिगृहाच्या चादरी, सगळा गाडा तिथेच यायचा आणि वाफ निघायला वाट म्हणाल तर तो एक अरुंद जिना. काकूंचा खोकला आता खोकला राहिला नव्हता, भाता झाला होता. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं, "मोकळी हवा नाहीतर काम बंद." आणि काम बंद म्हणजे आवारातली खोलीही गेली. नवरा वारलेला. या वयात बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जायचं कुठे?

पहिलं वचन पहिल्या फादरांचं. भाड्याच्या जागेत, दिवसभर राबून आलेल्यांसाठी संध्याकाळचे वर्ग काढून ज्यांनी विद्यापीठाचा श्रीगणेशा केला, तेच ते. "बाई, हे सभागृह होऊ द्या, मग तुमची खिडकी," ते म्हणाले. सभागृह झालं आणि फादर बदलून गेले. दुसऱ्यांनी प्रयोगशाळा बांधली, तिसऱ्यांनी ग्रंथालय. प्रत्येक जण यायचा आणि म्हणायचा, "आधी विषय समजून घेतो." अरे, भिंतीला भोक पाडण्यात समजून घ्यायचं काय डोंबल!

सुवर्णमहोत्सव आला. पहिले फादर आता थकून, वृद्ध फादरांच्या निवासात राहायला आवारातच परतले होते. आठवण कधी असायची, कधी नसायची. त्यांना हाताला धरून व्यासपीठावर नेलं. ते म्हणाले, "इमारती काय, कुणीही बांधतं. पण मी एक काम मनापासून केलं. धुलाईघरातल्या आमच्या बाईंना खिडकी करून दिली." टाळ्यांचा नुसता कडकडाट. मागच्या रांगेत काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांनी फादरांच्या दंडाला धरून त्यांना तळघरात उतरवलं.

"दाखवा. कुठाय खिडकी?"

फादरांनी ओल्या भिंतीवरून हात फिरवला. "इथे होती ना..."

"होती? तुमच्या भाषणात होती!"

ते चादरींच्या गाठोड्यावर मटकन बसले. चेहरा पार उतरला. "हुकूम आला आणि मी निघालो, बाई. वाटलं, मागून येणारे करतील."

"मागून येणारे म्हणाले, त्यांच्या मागून येणारे करतील!"

तेवढ्यात फादरांना शोधत सध्याचे कुलगुरू खाली आले. वाफेने त्यांचा चष्मा धुरकटला, ठसका लागला. "बघतो मी, बाई. आधी विषय जरा समजून..."

काकू जिन्यावर ठाण मांडून बसल्या. "घ्या ना समजून. इथेच बसून घ्या. गवंडी येईपर्यंत वर कुणी जायचं नाही."

महोत्सवाची कमान रचणारा गवंडी अंगणातच होता. काकूंनी तिथूनच अशी हाक मारली की तो थापी हातात घेऊनच धावत आला. खोकून बेजार झालेले कुलगुरू म्हणाले, "फोड बाबा, फोड एकदाची." छताजवळ, अंगणाच्या पातळीवर पहिली वीट निघाली आणि गार वारा आत आला. काकू रडल्या. रडता रडता गवंड्याला राडारोडा उचलायला सांगायला विसरल्या नाहीत.

चौकट बसायच्या आत कुलगुरूंची बदली झाली. आता काय म्हणावं या कर्माला! नवे आले, अंगणात उभे राहिले आणि म्हणाले, "हे भगदाड कसलं? नकाशात तर इथे खिडकी नाही. बुजवून टाका."

गवंडी बिचारा विटा घेऊन आला, तर अंगणात भगदाडासमोर खुर्ची टाकून पहिले फादर बसलेले.

"कुणी सांगितलं बुजवायला?"

"कुलगुरूंनी."

"मी? मी कधी सांगितलं?"

गवंडी डोकं खाजवत परत गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. शेवटी नवे कुलगुरू स्वतः आले. म्हाताऱ्याने त्यांच्याकडे मायेने पाहिलं. "नवीन दिसतोस बाळ. कुठल्या वर्गात? काही अडचण असेल तर ऑफिसात येऊन भेट." कुलगुरू आले तसे गेले. विस्मरण खरं होतं की म्हातारा सोंग करत होता, काकूंनी कधी विचारलं नाही. ज्या विसरण्याने जन्मभर गळा घोटला, तेच आता राखणीला बसलं होतं, तर कशाला चौकशा करा?

चौकट पुढे बसली. फादर मात्र रोज येतच राहिले. न्याहारी झाली की खुर्ची, घोंगडी, आणि खिडकीपुढे बैठक ती संध्याकाळपर्यंत. खालून काकूंना त्यांचे फक्त जाड बूट दिसायचे, तेही बरोब्बर मधोमध.

"फादर!" काकू इस्त्री आपटून ओरडायच्या. "पाय बाजूला घ्या हो, उजेड अडतोय माझा!"

बूट जरासे सरकायचे. काकू पुटपुटत पुढची चादर ओढायच्या.