सातव्या दगडाचा देव

आमच्या गावातल्या एका देवाचा कर्ता मी आहे. ही बढाई नाही, कबुली आहे.

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली होती. गिरणा नदीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावात नळ नवे होते आणि मी नळाच्या लाईनवर नोकरीला होतो. नदीकाठी विहीर, तिच्यावर डिझेलचं इंजिन, तिथून जमिनीखालून दीड मैल लोखंडी पाईप, आणि पाईपाच्या दुसऱ्या टोकाला टेकडीवरची टाकी. हे पाईप पाचोऱ्याला रेल्वेने उतरले आणि बैलगाड्यांवरून आले, तेव्हा अर्धं गाव बघायला रस्त्यावर उभं होतं. जमिनीत गाडले गेले आणि गाव त्यांना विसरलं. नळाला पाणी आलं की लोकांना वाटायचं ते टाकीतच तयार होतं.

लाईन विसरायची नाही, एवढंच माझं काम होतं. रोज सकाळी खांद्यावर पहार टाकून दीड मैल चालायचं. ठरलेल्या जागी पहार मातीत रोवायची आणि तिच्या माथ्याला कान लावायचा. लाईन धड असेल तर नुसती घरघर येते. सांध्यातलं शिसं सुटलं असेल तर मांजर फिस्कारल्यासारखा आवाज येतो. लोक हसायचे. कुणी विचारायचं, काय रे, जमीन काय सांगते? मी म्हणायचो, तुझ्या चहाड्या सांगते.

नियम असा होता की लाईनच्या दोन्ही अंगांना पाच-पाच हात काही बांधायचं नाही. नियम कचेरीतल्या कपाटात होता. ज्यांच्या दारावरून लाईन जात होती त्यांना तो कुणी वाचून दाखवला नव्हता. त्यांच्यासाठी शंभर-शंभर पावलांवर खुणेचे दगड पुरले होते, चुन्याने पांढरे केलेले. एका पावसाळ्यात चुना धुऊन गेला, आणि कापसाच्या गाड्या दगडांना धडकायला लागल्या. टाकीच्या शिडीला लावून उरलेला लाल तेलरंग माझ्याकडे होता. मी सगळे दगड लालभडक करून टाकले आणि लांबून बघून स्वतःवरच खूश झालो.

पंधरा दिवसांनी सातव्या दगडापाशी नारळाची करवंटी दिसली.

मी हसलो. माझी खरी चूक ती. रंग लावला ती नव्हे, हसलो ती. त्याच दिवशी समोरच्या घरात जाऊन सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण घरी येऊन मी बायकोला सांगितलं, नगरपालिकेच्या दगडाला नवस लागला, आणि दोघंही पोट धरून हसलो. पुढच्या महिन्यात दगडावर खरा शेंदूर चढला. मग चार विटा आल्या, मग ओटा, त्यावर शहाबादी फरशी, आणि फरशीवर उपटून बसवलेला तो दगड. शेवटी शेजारचा जुना निंब तोडून त्याचे खांब आणि तुळई करून वर पत्र्याचा मांडव घातला. देणग्या देणाऱ्यांत नगरपालिकेचे दोन सभासद होते, त्यामुळे त्यांना लाईन दिसली नाही.

मी तीनदा लेखी कळवलं. ओव्हरसियर साहेब सज्जन माणूस, दुसऱ्याच्या गैरसोयीबद्दल फार सहनशील. म्हणाले, "देवाच्या वाटेला कोण जाणार? कागद फाईलला लावलाय. आपलं काम झालं."

"लाईनला फाईल कळत नाही, साहेब," मी म्हणालो.

"तुम्हाला बोलणं कळतं का?" ते म्हणाले.

समोरच्या घरातली अक्का जिनमध्ये, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापूस निवडायला जायची. पहिला नारळ तिचाच. तिची लेक पहिल्या बाळंतपणात अडली होती, तेव्हा ती घाबरून दारासमोरच्या लाल दगडाला बोलली, आणि लेक सुटली. आता मी तिला काय सांगणार? तरी एकदा सांगितलं, "अक्का, याना खाले पानीनी लाईन शे. ती फुटनी ते हाऊ बठ्ठा ओटा खाले जाई."

"देव शे ना वर," ती म्हणाली, "तो संभाळी." आणि दिव्यात तेल घालायला लागली.

मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. आखाजीला आमच्याकडे सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. त्या आळीचे झोके निंबाला असायचे. निंब तर तोडलेला. म्हणून पोरींनी मांडवाच्या तुळईला दोर टाकले. आदल्या दिवशी मी सातव्या दगडापाशी पहार रोवून कान लावला, तर फिसफिस स्पष्ट ऐकू आली. तसाच कचेरीत गेलो. साहेब म्हणाले, "सण होऊ द्या. गाव पाहुण्यांनी भरलंय. उद्या पहाटेपासून इंजिन पूर्ण जोरात चालवा, हा हुकूम समजा."

पूर्ण जोर म्हणजे काय, हे त्या सांध्याला विचारायला हवं होतं. ओट्यावर दहा-बारा पोरी, तीन झोके, वर पत्रे आणि खाली पोखरलेली माती. मला रात्री जेवण गेलं नाही. सकाळी उठलो तो राग घेऊनच उठलो. साहेबांवर राग, सभासदांवर राग, आणि सगळ्यात जास्त त्या हसण्यावर.

मी नदीवर गेलो, इंजिन बंद करायला लावलं, आणि ते सुरू करायचं हँडल काढून घेतलं. पंपावरच्या माणसाने विचारलं, "हुकूम कुणाचा?" मी म्हणालो, "माझा." त्याने आडकाठी केली नाही. टेकडीजवळचा व्हॉल्व्ह फिरवून टाकीचं पाणी मागे येणार नाही असं केलं. मग हँडल आणि व्हॉल्व्हची चावी घेऊन ओट्याच्या पायरीवर येऊन बसलो. पोरींना खाली या म्हणालो, तर त्या माझ्यावरच गाणं रचायला लागल्या.

टाकीत होतं तेवढं पाणी नऊपर्यंत पुरलं. त्यानंतर गाव माझ्याकडे आलं.

आखाजीला पितरांच्या नावाने घागर भरतात. त्या दिवशी नळ कोरडा ठेवणं म्हणजे जिवंत माणसांबरोबर मेलेल्यांचंही वैर घेणं. एक म्हातारे नाना काठी आपटत पुढे आले. "आज पितरेस्ले पानी देवाना दिन शे, अन् तू नळ बंद करी बसना?"

"ओटा रिकामा करा, नाना, लगेच सोडतो."

साहेब सायकलवरून आले. घामाघूम. "हँडल द्या."

"देत नाही."

"नोकरी जाईल."

"जाऊ द्या. पण नोकरी आहे तोवर लाईन माझ्याकडे आहे. हिच्यावर माणसं बसली असताना मी पाणी चढवणार नाही. तुम्हाला चढवायचं असेल तर आधी तुम्ही या ओट्यावर येऊन बसा, आणि तुमच्या घरच्यांनाही आणा. मग हँडल देतो."

साहेब ओट्याकडे बघत राहिले, पण पायरी काही चढले नाहीत. सगळ्या आळीने ते पाहिलं. अक्कानेही पाहिलं. ती गर्दीतून पुढे आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. वर झोक्यावर तिची तीच लेक बसली होती, नातू मांडीवर.

"खरं सांग, भाऊ," ती म्हणाली. "पहिले याले लाल रंग कोनी दिधा?"

इतके दिवस मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. लाजेनेच. "मी दिधा, अक्का. टाकीना रंग व्हता. लाईननी खूण व्हती ती."

तिचा चेहरा उतरला. मला वाटलं, आता ही मला मारणार, आणि मारलं असतं तर मी खाल्लं असतं. तिने एकदा दगडाकडे पाहिलं. मग लेकीकडे वळून म्हणाली, "पोरी व्हो, खाले उतरा बठ्ठ्या." आणि मला म्हणाली, "तूच बठाडा ना? मंग तूच उचल."

पोरी उतरल्या. बसवला मीच, तर उचलायचाही मीच. मी दगडाला हात जोडले. का जोडले ते सांगता येत नाही, पण मनापासून जोडले. मग दोघा-तिघांनी मिळून दगड हलवला. त्याखालच्या फरशीच्या सांध्यात मी पहार घातली, जोरही लावला नव्हता, तर ती हातातून सुटून सरळ खाली गेली आणि डुबुक असा आवाज आला. फरशी उचलली. खाली अख्खा बैल मावेल एवढं भुयार, तळाशी गढूळ पाणी, आणि मांडवाचा एक खांब विटांच्या नुसत्या काठावर टेकलेला. ज्या खांबावर मधल्या झोक्याचा भार होता, तोच.

अक्का खाली बसली आणि नातवाला पोटाशी धरून रडली. नाना काठी बगलेत मारून म्हणाले, नदी काही आटली नाही. आणि माणसं घागरी घेऊन नदीकडे निघाली.

ओटा त्याच दिवशी उतरवला. सांधा उकलून ताग ठोकला, नवं शिसं ओतलं, आणि दुसऱ्या दिवशी इंजिन सुरू केलं. दगड अक्काच्या अंगणात गेला. तिथे तो देवच राहिला. त्याला परत लाईनची खूण करायची माझी हिंमत झाली नाही. लाईनवर मी नवा दगड पुरला, पुन्हा पांढरा, आणि दीड मैलातल्या प्रत्येक दारात जाऊन खाली काय आहे ते तोंडाने सांगितलं. त्याला आठ दिवस लागले. हे आठ दिवस आधीच दिले असते तर बरं झालं असतं.

महिन्याभराने कचेरीचा मेमो आला. वरिष्ठांचा हुकूम मोडून सणाच्या दिवशी पाणी बंद का केलं, याचा खुलासा द्यावा. मी एक ओळ लिहिली: लाईनवर माणसं होती. साहेबांनी कागद परत केला. म्हणाले, शेवटी माफी असावी एवढं लिहा, मी सांभाळून घेतो.

मी तिथेच उभ्या उभ्या खाली लिहिलं: दगड लाल रंगवला आणि हसलो, याबद्दल माफी असावी. पाणी बंद केलं, याबद्दल नाही.