शनिवारी घाणा बंद

माझ्या आयुष्यातलं सगळ्यात यशस्वी भाषण मी केलंच नाही.

ते मला करू न देणारा माणूस आज सकाळी मँचेस्टरमध्ये वारला.

दानियलमामा. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. वय एक्क्याण्णव.

ओळख झाली ऐंशीच्या दशकात, इथल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात. विषय 'इस्रायल: काल आणि आज'. वक्ता अर्थातच मी. दीड तास बोललो. प्राचीन मंदिरापासून पॅलेस्टिनी निर्वासितांपर्यंत काही सोडलं नाही.

मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले.

"तुम्ही गेलायत का तिथे?"

"नाही. पण भरपूर वाचलंय."

"मी नऊ वर्षं राहिलोय. वाचलेलं काही नाही. चला, दोघांचा मिळून एक माणूस होईल."

हॉल हसला. मी सोडून.

चहाच्या वेळी जवळ आले. म्हणाले, "पॅलेस्टिनींचं बोललास ते खरं आहे, बोलत राहा. पण किबुत्झच्या सामूहिक शेतीवर सगळे समान म्हणालास ना, ते जेवणाच्या रांगेत आमच्यासारखा काळा होऊन उभा राहा, मग सांग."

बोलता बोलता त्यांचं गाव निघालं. अलिबागजवळचं. माझ्या आईचं माहेर तेच.

त्या क्षणापासून ते मामा.

मामा तरुणपणी हौसेने इस्रायलला गेले होते. साठच्या दशकात तिथल्या धर्मपीठाने बेने इस्रायलना विचारलं, तुम्ही खरे ज्यू कशावरून? लग्न लावायचं तर आधी आजी-पणजीपर्यंत चौकशी. मामा जेरुसलेमला धरणं धरून बसले. शेवटी सरकारला नमावं लागलं.

हे ऐकून माझं रक्त उसळलं. "एवढा लढा जिंकलात, मग देश सोडलात का? अपमान विसरता आला नाही ना?"

"तुझ्या मामीला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली. सगळंच इतिहासामुळे होत नाही रे."

मग मँचेस्टरात ट्राम सुरू झाली त्या सुमारास त्यांच्या मुलीने, रिबेकाने, इथल्याच प्रेस्टविच भागातला एक ज्यू मुलगा पसंत केला. आणि इथल्या धर्मगुरूंनीही तोच प्रश्न विचारला. खरे ज्यू कशावरून?

रिबेका दोन दिवस जेवली नाही. परवानगी नाही तर सिनेगॉगमध्ये लग्न नाही, आणि तसं लग्न नाही तर मुलाचे आईवडील येणार नाहीत.

मामांकडे पुरावे होते. आजोबांचा लग्नाचा करार, गावातल्या सिनेगॉगच्या वृद्ध मुकादमाचं पत्र. पत्र मराठीत. मामांनी स्वतः केलेलं भाषांतर चालणार नव्हतं.

"तू चल," म्हणाले.

मी आठ दिवस तयारी केली. चाळीस मिनिटांचं भाषण. बाबिलोनपासून कुलाबा जिल्ह्यापर्यंत. शेवटी 'माणसाला त्याच्या जन्माचा दाखला मागणारे तुम्ही कोण?'

मामांनी सगळं वाचलं. घडी घातली. त्यावर चहाची किटली ठेवली.

"मला पोरीचं लग्न लावायचंय. सरकार पाडायचं नाही. तिथे तोंड उघडायचं ते फक्त भाषांतराला."

खोलीत तीन धर्मगुरू. मधला फार म्हातारा, डोळे मिटलेले. मला वाटलं, झोपलाय.

मी फुगून बसलो होतो. पत्र वाचत होतो आणि एकेक ओळ इंग्रजीत सांगत होतो. 'यांच्या घराण्याचा तेलाचा धंदा. धर्माज्ञेप्रमाणे शनिवारी घाणा बंद ठेवीत.'

'ऑइल प्रेस' म्हटलं आणि मला आजी आठवली. तोंडातून इंग्रजीतच निघून गेलं, "माझी आजी काय चिडायची. पाहुणे नेमके शनिवारी यायचे आणि घरात तेलाचा थेंब नसायचा."

मामांनी टेबलाखालून माझा पाय दाबला.

म्हाताऱ्याने डोळे उघडले. "तेल का नसायचं?"

"यांच्या आजोबांचा घाणा बंद ना. शुक्रवारी दिवस मावळल्यापासून. अख्ख्या गावाला माहीत होतं. आजी म्हणायची, एक वेळ पाऊस चुकेल, पण त्या तेल्याचा शनिवार चुकायचा नाही."

म्हातारा पुढे झुकला. मला वाटलं, हीच वेळ.

"हवं तर मी शपथेवर सांगतो. शिवाय माझे काही मुद्दे आहेत."

"नको," म्हातारा घाईने म्हणाला. "मुद्दाम साक्ष द्यायला आलेल्या बाहेरच्या माणसाचं आम्ही धरत नाही. सहज बोलून गेलेलं ऐकतो. तुम्ही सहज बोललात. आता कृपा करून गप्प बसा."

हे इंग्रजी मला नीट कळलं होतं. तरी मामांनी त्याचं मराठी भाषांतर करून मला दोनदा ऐकवलं.

परतीच्या ट्राममध्ये मामा खुशीत होते. मग एकाएकी गंभीर झाले.

"तुझी आजी म्हणजे गावकुसाबाहेरची."

"हो."

"तिला तेल कसं द्यायचे? हातात?"

"नाही. भांडं खाली ठेवायला सांगायचे. मग वरून ओतायचे."



"माझे आजोबा ओतायचे?"

"तेच असणार. घाणा त्यांचा होता."

"हे तिथे बोलला नाहीस."

"तिथे रिबेकाचं लग्न ठरत होतं, मामा."

 

तीन आठवड्यांनी परवानगीचं पत्र आलं.

लग्नाआधी घरी मलिदा होता. गोड पोहे, ओलं खोबरं, फळं; एलिया नबीच्या नावाने प्रार्थना करून वाटतात. व्याही, धर्मगुरू, सगळे बसले होते. मामांनी पहिली थाळी उचलली, सगळ्यांना ओलांडून माझ्याकडे आले आणि माझे दोन्ही हात धरून त्यांत ठेवली.

मी बोलायला उठू लागलो.

"बस," म्हणाले. "आजीच्या नावाने खा."

रिबेकाच्या मुलाचा मघाशी फोन आला. दफन उद्याच आहे. त्यांच्यात फुलं नेत नाहीत, तेव्हा कुणी आणू नका.

मी येतोय. बोलणार नाही.

मामा, तुम्हाला शालोम. आणि माझा शेवटचा जयभीम.