वैजूचा नायक धर्मशाळेत उभा आहे

वैजू गेला त्याला आज वर्ष झालं. एका अर्थी सुटला, नाहीतर आजचा ट्रेलर बघून मेला असता.

आमच्या तलवारीच्या गेमचा नवा भाग येतोय. त्यात म्हणे कुठेही, कधीही सेव्ह करता येणार.

सकाळपासून गेमिंगच्या ग्रुपवर दिवाळी चालू आहे. "फायनली!" "ब्रो, हेच हवं होतं!"

अभिनंदन. आता डोळे मिटून खेळा.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी: कंपनी एकच, सिरीज दोन. थोरलीत तलवारी, राक्षस, जादूटोणा. धाकट्या बहिणीत बंदुका आणि अंतराळयानं.

धाकटीत बटण दाबलं की जिथं असाल तिथं गेम सेव्ह.

थोरलीत सेव्ह फक्त धर्मशाळेत. वाटेत मेलात की अंगावरचं सगळं जायचं आणि उघड्यानं मागच्या धर्मशाळेतून सुरुवात.

आणि आमच्या परळीत आणखी एक राक्षस होता. लाईट. वीज आमच्या उशाला औष्णिक केंद्रात तयार होते, तिची राख आमच्या घरात येते, आणि लाईट जाते ती ऐन मारामारीत. दोन तासांची वाट पुन्हा चाला.

वैजूचं झेरॉक्सचं दुकान. मागच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही आळीपाळीनं एकच नायक खेळवायचो. नायकाचं नाव त्यानं स्वतःचंच ठेवलेलं, वैजनाथ. तीन वर्षं खपून त्याला चिलखत घातलेलं.

लाईट गेली की मी गेमच्या कंपनीचा उद्धार करायचो.

"बहिणीचं ते सेव्हचं बटण उचला की. काय बिघडतं?"

वैजू कीबोर्डवरची राख पुसत बसायचा.

"भ्या वाटलं पायजे बे. भ्याच न्हाई तर दाराभाईर पडायचं कावून?"

मला हे ढोंग वाटायचं. तसं तोंडावर म्हणायचोही.

मग मी एक उद्योग केला. तो चहा सांगायला गेला की सेव्हची फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची. मी मेलो की जुनी फाईल परत टाकायची. चिलखत जागच्या जागी.

एकदा त्याच्या डोळ्यांदेखत मेलो. दुसऱ्या दिवशी त्यानं गेम उघडला.

"हे चिलखत काल गेलतं ना?"

मी सगळं सांगितलं. वर हसलो.

तो हसला नाही. "तुला खेळायचं न्हाई, नुसतं जिंकायचंय. उद्यापासून येऊ नको."

मीही गेलो नाही. दोन महिने. चौतीस वर्षांचे दोन घोडे, एका बटणावरून.

त्या दोन महिन्यांत त्याला कावीळ झाली. शहाणा गावठी औषध पीत बसला. अंबाजोगाईच्या मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता.

मला कळलं ते कुणाच्या तरी स्टेटसवरून. "लेजेंड" लिहिलं होतं. त्या पठ्ठ्यानं वैजूच्या दुकानात कधी पाय ठेवला नव्हता. पण त्याला काय बोलू? दोन महिने मी तरी कुठं ठेवला होता.

दहाव्याला त्याच्या थोरल्या भावाला, नानाला विचारलं, कॉम्प्युटर एकदा बघू का.

"फॉरमॅट मारला की. आता आनलाईन फारम भरायला लागतो. गेमच तर होते त्यात."

नाना काही चुकीचं बोलला नाही.

म्हणजे वैजूचा वैजनाथ आता फक्त माझ्या पेनड्राइव्हवर. चोरून केलेल्या तीन कॉप्या. ज्या गोष्टीची त्याला किळस होती, तिच्यातच तो उरला.

आज ट्रेलर बघून झाल्यावर पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि त्यातल्या एका कॉपीवरून गेम उघडला.

वैजनाथ धर्मशाळेत शेकोटीपाशी उभा होता. अंगावर सगळं चिलखत. बाहेर जंगल.

लॅपटॉपला बॅटरी आहे, लाईटची काळजी नाही. मेला तरी दोन कॉप्या शिल्लक. काय बिघडतं?

त्याला दारापर्यंत नेला आणि थांबलो. काहीच वाटलं नाही. मेला तर मेला, दुसरा काढू. एवढं वाटलं आणि स्वतःची लाज वाटली.

दोन कॉप्या डिलीट केल्या. कायमच्या.

परत दारापाशी आलो. बाहेर पाऊल टाकवत नाही. तासभर झाला, तिथंच उभा आहे.

वैजू, लई भ्या वाटतंय बे.

तुझं बरोबर होतं. हे मी दुकानात येऊन सांगायला पाहिजे होतं. माफ कर.

तुला माझी श्रद्धांजली.