कोनं पाह्यलं?

"कोनं पाह्यलं?" हे विचारताना सर चष्मा कपाळावर चढवायचे. शेजारच्या गावात वाघ आला असो की आमदार पडणार असो, प्रश्न तोच. असा एखादा माणूस तुमच्याही गावात असेल. तो बरोबर असतो, म्हणूनच त्याचा थोडा त्रास होतो.

राळेगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत ते सातवीला शिकवत. मी तालुक्याचा वार्ताहर. दर शनिवारी ते माझ्याकडची जुनी वर्तमानपत्रं पिशवीत भरून नेत. फळ्याच्या मधोमध रेघ. डावीकडे 'पाह्यलं', उजवीकडे 'ऐकलं'. मुलं बातमीतलं एकेक वाक्य कापून खळीनं योग्य बाजूला चिकटवत. फळा खराब होतो, अशी मुख्याध्यापकांनी लेखी तक्रार केली. सरांनी ती 'पाह्यलं'खाली चिकटवली.

एकदा मला वर्गात बोलावलं. फळ्यावर माझीच बातमी होती, सगळी उजवीकडे. पहिल्या बाकावरची प्रज्ञा उठली.

"काका, सूत्रांकडून समजते म्हंजे कोनाकडून?"

"नाव सांगता येत नाही."

"तुमाले तरी ठाऊक हाय ना?"

सर खिडकीबाहेर पाहत होते.

ती बोंडअळीची वर्षं. हाती आला तेवढा कापूस घरात पडून होता, भाव उतरलेला. सरकारी खरेदी कधी सुरू होते, याच्या रोज नव्या तारखा मोबाइलवर येत. गावाच्या ग्रुपवर सर प्रत्येक तारखेखाली आपला प्रश्न टाकत. लोक वैतागत, पण सर गप्प राहिले, तर बातमी खरी धरत.

एका रविवारी सरांनीच लिहिलं : 'उद्यापासून जिनिंगवर खरेदी सुरू.' खाली कोणीही काही विचारलं नाही. सोमवारी बारा बैलगाड्या कापूस भरून सहा किलोमीटरवरच्या जिनिंग कारखान्याकडे गेल्या. जिनिंगच्या फाटकाला कुलूप होतं. दुपारी गाड्या तशाच परतल्या. त्यातली एक प्रज्ञाच्या वडिलांची.

मंगळवारी मी शाळेत गेलो. सरांनी तो संदेश कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून आणला होता. टेबलावर खळीची वाटी.

"पोट्टेहो, तपासा."

शेवटी प्रज्ञा उठली.

"सर, तुमी पाह्यलं का?"

"नाही. साडूचा फोन आलता."

"साडूनं पाह्यलं का?"

"थे मी इचारलंच नाही."

"काहून?"

चष्मा वर गेला, पुन्हा खाली आला. "साडू खोटं बोलत नाही, म्हून."

तिनं कागद उजवीकडे चिकटवला. "आता तुमी आमाले कसं इचारसान, सर?"

"नाही इचारत," सर म्हणाले. "पयले पाहून येतो."

त्या संध्याकाळी ते बाराही घरी जाऊन आले. काही ठिकाणी चहा मिळाला, काही ठिकाणी नाही. बुधवारपासून शाळेआधी रोज सायकलवर जिनिंगपर्यंत. तिथून ग्रुपवर एकच ओळ : 'कुलूप हाय. मी पाह्यलं.' लोक हसले. चौथ्या दिवशी कोणीतरी लिहिलं, 'गुरुजी, कुलपाले नमस्कार सांगा.' सर रविवारीही गेले.

अकराव्या सकाळी ओळ बदलली : 'फाटक उघडं. काटा सुरू. मी पाह्यलं.'

मग प्रज्ञाच्या वडिलांनी लिहिलं : 'गाडी जुपतो.'

त्यानंतर वर्गात पुन्हा तो प्रश्न ऐकू येऊ लागला.

सर निवृत्त झाले, माझी वर्तमानपत्रं रद्दीत जाऊ लागली. गेल्या हिवाळ्यात त्याच ग्रुपवर एक संदेश आला, सर गेल्याचा. खाली हात जोडलेल्यांची रांग लागली. मी बातमी लिहायला घेतली आणि थांबलो. ग्रुपवर विचारलं, 'कोनं पाह्यलं?'

थोड्या वेळानं प्रज्ञाचं उत्तर आलं. ती आता नर्स आहे.

'मी पाह्यलं, काका. सरच्याच घरी आहो.'

मी चार ओळींची बातमी पाठवली. तीत सूत्रांचा उल्लेख नव्हता.