पांढुर्ण्याचं पान

सुप्रियाला पगार नेमका कशाचा मिळतो, हे बोरगावात अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही. तिची आई प्रमिला संत्र्याच्या तोडणीला जाते. तिथं बाया खोदून खोदून विचारतात, तेव्हा ती सांगते, "लोकाईच्या हाती मोबाईल देते अन् पाहत बसते." यावर एकीनं म्हटलं होतं, "मंग माही सासू फुकटातच करून राहिली म्हनायची ते काम!" तेव्हापासून प्रमिलानं सांगणं सोडलं.

मी गुणवंता. सौंसरच्या बसस्टँडजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लोकांचे ऑनलाइन अर्ज भरता भरता वेबसाइट या प्रकारावरच माझा राग बसला आहे. बटण असं लपवतात की जणू चोरीचं आहे. सगळं भरून झालं की पान आपोआप कोरं होतं आणि आपल्यालाच विचारतं, तुम्ही कोण? मी चिडलो की बायको म्हणते, नाचता येईना अंगण वाकडं. म्हणत असेल. पण म्हणून अंगण कधी वाकडं नसतंच की काय?

सुप्रिया सोमकुवरचं काम म्हणजे हे वेबसाइटचं अंगण तपासणं, लोक कुठं अडतात ते पाहणं. नाचणाऱ्याला ती दोष देत नाही, म्हणूनच ती पोरगी मला आवडते. नागपूरला शिकली, तिथं दोन-तीन वर्षं नोकरी केली आणि आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते. बोरगावात नेटवर्क रुसलं की माझ्या दुकानात येऊन बसते. तिचे वडील उत्तमराव आमच्या नगरपालिकेत नळाचे व्हॉल्व्ह सोडतात. माणूस गरीब, पण अर्धं सौंसर त्यांची वाट पाहत उठतं.

त्या कंपनीची 'खिदळ' नावाची वेबसाइट आहे. तरुण पोरापोरींची गाणी, नकला, छोटी प्रहसनं, त्यांच्या स्पर्धा. प्रत्येक जिल्ह्याला वेगळं पान. मध्यप्रदेशातला, नागपूरला लागून असलेला आमचा पांढुर्णा जिल्हा तर झालाच मुळी २०२३ला. त्याआधी आम्ही छिंदवाड्यात. सुप्रियानं हट्टानं या नव्या जिल्ह्याचं पान करायला लावलं, तेही मराठीत. त्या पानावर रघुनाथरावांची प्रणाली चमकायला लागली. बाप संत्र्याचा बागाईतदार, आणि पोरगी त्याच बापाची हुबेहूब नक्कल करते! व्यापाऱ्याशी घासाघीस करणारे रघुनाथराव तिनं असे उभे केले की खुद्द रघुनाथरावांनी ते चारदा पाहिलं आणि पाचव्यांदा तिच्यावर ओरडले.

अशात एक दिवस सुप्रिया दुकानात आली आणि चहा समोर ठेवला तरी हात लावेना.

"काय झालं वो?" मी विचारलं.

"पान बंद करून राहिले काकाजी. महिन्याच्या शेवटी."

पुण्याच्या प्रियंका मॅडमचा फोन आला होता. बाई वाईट नाही, पण तिच्यासमोर आकडे होते. तिच्या हिशेबानं पांढुर्णा जिल्ह्यातून 'खिदळ' पाहणारं जवळजवळ कुणी नव्हतं. पाहणारेच नाहीत तर पान कशाला, आणि सौंसरला ठरलेली स्पर्धा तरी कशाला? प्रणाली तर त्या स्पर्धेसाठी घरच्या म्हशीसमोरसुद्धा तालीम करत होती.

"कोनी पाहत नाई म्हनते!" सुप्रियाचे डोळे भरून आले होते. "अख्खी पांढुर्ण्याची बस पाह्यते काकाजी. कानात न घालता पाह्यते, मले ऐकू येते ना!"

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि म्हणाली, "तुमची मागची खोली द्या. मले लोकं बसवून पाह्यचे आहे."

तिच्या परीक्षेचा नियम एकच. समोरच्याला नवा मोबाईल द्यायचा, एक काम सांगायचं आणि मग गप्प बसायचं. तो चुकला तरी सांगायचं नाही. अडला तरी बोट दाखवायचं नाही. पुण्यात हे सोपं असेल. आमच्याकडे एकाच्या हातात मोबाईल आला की चार डोकी वर वाकतात आणि पाचवं लांबून ओरडतं, "अबे, खालचं दाब ना!" मदत न करणं हा आमच्यात माजोरडेपणा समजला जातो. तिनं पहिल्यांदा दोघांना बाहेर काढलं, मग मला. मी माझ्याच दुकानात दाराबाहेर उभा राहून ओठ दाबून पाहत होतो.

पहिला बसला मयूर, शेजारच्या मोबाईल दुकानातला. सुप्रियानं सांगितलं, "नवीन खातं उघड अन् सौंसरच्या स्पर्धेचं पान शोध." मयूर तरबेज. तरी शोधायची खूण त्याला सापडेना, कारण ती केशरी रंगावर पिवळी काढली होती. मला तर ते पाहूनच संताप आला. मधेच एक जाहिरात नेमकी बोटाखाली आली आणि तो भलत्याच दुकानात पोचला. सुप्रिया सगळं टिपत होती, हूं का चूं न करता.

पण तिचं लिहिणं थांबलं ते दुसऱ्याच जागी. खातं उघडताना राज्य विचारलं तेव्हा मयूरनं आधी 'मध्यप्रदेश' दाबलं. अख्खी वेबसाइट हिंदी झाली. मयूरनं मागे जाऊन 'महाराष्ट्र' दाबलं, जिल्ह्यात 'नागपूर' टाकलं आणि सगळं मराठी झाल्यावर पुढे निघाला. हे सगळं त्यानं वाटेतला खड्डा चुकवावा इतक्या सहज केलं.

काम संपल्यावर सुप्रियानं विचारलं, "नागपूर काहून टाकलं?"

"मराठी पाह्यजे ना, ताई." मयूरला प्रश्नच कळला नव्हता. "सगळेच तसं टाकते."

त्यानंतर अश्विनी आली, तिनं नागपूर टाकलं. तिगावहून आलेल्या वैभवनं नागपूर टाकलं. प्रणालीला बोलावलं, तर पांढुर्ण्याच्या पानाची ही राणी स्वतः नागपूरची निघाली! आणि मी? दुकानात येणाऱ्या निम्म्या पोरांची खाती मीच उघडून दिली होती. मराठी हवी तर महाराष्ट्र टाका, असं मीच मोठ्या शहाणपणानं सांगत आलो होतो. सुप्रियाला हे कळायला वाव नव्हता, कारण तिचं खातं कंपनीनं तयार करून दिलेलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हाच. आमचा अख्खा जिल्हा नागपूरच्या हिशेबात जाऊन बसला होता, आणि पुण्याला वाटत होतं, इथं कुणी राहत नाही.

तिनं तिथूनच प्रियंका मॅडमला फोन लावला. पलीकडून प्रश्न आला, "पण मध्य प्रदेशात हिंदी चालते ना? तुम्हालाही येतेच की."

"येते मॅडम. शाळा हिंदीत झाली, दवाखाना हिंदीत, कचेरी हिंदीत. चांगली येते. पण आम्ही हसतो मराठीत."

मग मॅडम म्हणाल्या, लिहून पाठवा.

सुप्रियानं पाठवलं. आधी भाषा विचारा, मग गाव. एकाला दुसऱ्याच्या दावणीला बांधू नका, हे त्यातलं मुख्य. पंधरवड्यात तो बदल झाला. पिवळी खूणही काळी झाली, ते मला विशेष आवडलं. पण पानाबद्दल मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं की लोक इथले आहेत हे दिसलं पाहिजे. जुन्या खात्यांवर ज्यानं त्यानं महिनाअखेरपर्यंत आपला जिल्हा बदलला तरच पान राहील.

आणि इथंच आमचं घोडं अडलं. कुणी बदलेना. वेबसाइटवर सूचना आली, ती लोकांनी जाहिरात समजून पुसली. मी दुकानात सांगायला लागलो तर पोरं माझ्याकडे संशयानं पाहायची. "अन् मराठी गेली तं?" जो तो हेच विचारायचा. एकदा दुधानं तोंड भाजलेली माणसं ही. त्यांना दोष कसा द्यायचा?

शेवटी प्रणालीनं डोकं लावलं. तिनं एक प्रहसन केलं. पोट्टी पांढुर्ण्याची, पण पत्ता टाकते नागपूरचा. लग्नाच्या दिवशी वरात नागपूरला जाऊन बँड वाजवते, नवरदेव गल्लोगल्ली हिंडतो, आणि इकडे मांडवात वरण आटून चाललं आहे. रघुनाथरावांचा आवाज काढून ती शेवटी ओरडते, "पोट्टे हो, पत्ता बराबर टाका, नाईतं जेवन आमीच जेवतो!" ते बसमधून, बाजारातून, कापसाच्या गाडीवरून फिरलं. लोक हसले. थोड्यांनी जिल्हा बदललाही. बाकीचे हसून पुन्हा नागपूरचेच राहिले.

मॅडम पानाचा निकाल सांगणार, त्याच्या आदल्या दिवशी, भर दुपारी, उत्तमराव दुकानात आले. सुप्रिया आकडे पाहत बसली होती. त्यांच्या मोबाईलवर टुंग वाजलं आणि त्यांनी तो घाईनं खिशात घातला. सुप्रियानं हात पुढे केला. पडद्यावर नागपूरच्या स्पर्धेची बातमी होती.

"बाबा! तुमी बी?"

'खिदळ' ही तरुणांची वेबसाइट, पण उत्तमरावांइतका तिचा भक्त दुसरा नाही. ते खाली पाहत राहिले. आपलेच दात आपलेच ओठ, पोरगी बोलणार तरी काय?

"मले भेव वाटते, बाई," ते म्हणाले. "नागपूरले लग्नात गेलो का ते म्हंते, एमपीचे असून मराठी बरी बोलता. इथं कचेरीत म्हंते, तुमी तं मराठीवाले. हे एक जागा भेटली होती, जिथं कोनी काई म्हनत नाई. ते बी गेली तं?"

सुप्रियानं काही समजावलं नाही. मोबाईल त्यांच्या हाती दिला आणि आपल्या नियमाप्रमाणे गप्प बसली. दुकानात पाच-सहा माणसं होती. कुणीही वर वाकलं नाही, कुणी ओरडलं नाही. असं गप्प दुकान मी आजवर पाहिलेलं नाही. उत्तमरावांनी मध्यप्रदेश दाबलं. पांढुर्णा दाबलं. डोळे बारीक करून पाहिलं.

अक्षरं मराठीच होती.

ते मोबाईल जवळ धरून पाहत होते, मग लांब धरून. "दोन्ही संगच लिवता येते?" ते म्हणाले. "पांढुर्णा बी अन् मराठी बी?"

मग त्यांनी तो मोबाईल प्रत्येकाला दाखवला. सायकल काढली आणि संध्याकाळच्या नळाच्या वेळेला ज्या ज्या गल्लीत व्हॉल्व्ह सोडला, तिथं तिथं दाखवला. पाणी सोडणारा माणूस सांगतो म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? मयूरनं पांढुर्ण्याकडे फोन लावले, वैभवनं तिगावला. माझ्या दुकानात मी स्वतः बसून खाती दुरुस्त केली, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेबसाइटला शिवी दिली नाही.

दुसऱ्या दिवशी प्रियंका मॅडमचा फोन आला. पान राहणार होतं, सौंसरची स्पर्धा होणार होती. प्रणाली माझ्या काउंटरवर चढायचीच बाकी होती. फोन मोठ्या आवाजावर होता, त्यामुळे मॅडमचं नवल सगळ्यांनी ऐकलं.

"सुप्रिया, एका दिवसात एवढे लोक आले कुठून?"

सुप्रियानं दुकानातल्या गर्दीकडे पाहिलं. तिच्या वडिलांकडे पाहिलं.

"आले नाहीत मॅडम," ती म्हणाली. "इथंच होते."